माझ्या मते धूर पांढरा

गाडी मेकॅनिककडे नेण्याआधी मी ती घरासमोर पंधरा मिनिटं चालू ठेवत असे. पाहुणे येण्याआधी माणूस घर आवरतो, दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी दात घासतो, त्यातलाच हा प्रकार. सव्वीस वर्षांची गाडी चारचौघांत धूर सोडते आहे आणि मालक म्हणून मी तिच्या शेजारी उभा आहे, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे सकाळी अख्खी गल्ली धुरानं भरून टाकणारी ही गाडी मिस्त्रीच्या दारात पोहोचेपर्यंत इतकी गरीब होऊन जायची की तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही. मिस्त्री तिच्या मागे उकिडवा बसायचा, धुराच्या नळीपाशी हात धरायचा, हाताचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, हिला काही झालेलं नाही."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "इथे येण्याआधी घरी किती वेळ चालू होती?"

"पंधरा मिनिटं. जरा गरम करून आणली. म्हटलं, उगाच तुझ्या दारात घाण नको."

मिस्त्रीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघत राहिला. माझा मान ठेवावा की मला शहाणं करावं, असा त्याला प्रश्न पडला असावा.

"मास्तर, जुन्या गाडीचा रोग ती थंड असतानाच दिसतो," तो शेवटी म्हणाला. "रात्रभर उभी राहिली की जे गळायचं ते हळूहळू आत गळतं, आणि सकाळी पहिल्यांदा चालू केली की जळून बाहेर येतं. एखादं मिनिट. फार तर दोन. तेवढंच बघायचं असतं, आणि तेवढंच तुम्ही घरी संपवून येता."

इथे 'मास्तर' या शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या शब्दाने घातला. मी शाळेत कधी शिकवलं नाही. कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं शेड मास्तर होतो. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा पाठवायचं आणि आम्ही त्याच रंगाचं हजार मीटर कापड करून द्यायचो. तुकडा आणि ताग्याचा कोपरा शेजारी ठेवून मी बघायचो, आणि 'जुळला' किंवा 'नाही जुळला' एवढंच म्हणायचो. त्यावर अपील नव्हतं. 'मास्तर म्हणतील तो रंग' अशी कारखान्यात म्हणच पडली होती. मिस्त्रीचे वडील आमच्याकडे रंगाच्या हौदावर होते, त्यामुळे हा पोरगा ती म्हण ऐकतच मोठा झालेला. आता त्याचेही केस पिकलेत, पण माझ्यापुढे तो अजून हौदावरच्या माणसाचा मुलगाच असतो. हे मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

"मग काय बघायचं ते सांग," मी म्हणालो.

"रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते सोपं आहे. निळा असेल तर ऑइल जळतंय. आणि पांढरा असेल, आणि तो लवकर विरत नसेल, तर इंजिन थंड ठेवणारं पाणी आत शिरतंय. पांढरा वाईट. तसं असेल तर गाडी रस्त्यात कधीही बसेल. थंडीत थोडी वाफ सगळ्याच गाड्यांची निघते, ती सोडून द्या." तो जरा घुटमळला. "असं करू का, उद्या सकाळी मीच येतो आणि बघून जातो."

"रंग बघायला? तू? माझ्याकडे?"

तो लगेच ओशाळला आणि नाही म्हणाला. मी मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

रस्त्यात बसणारी गाडी मला चालण्यासारखी नव्हती, आणि कारण होतं ताई. ही माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, वय पंचाहत्तर, आणि जगात मला 'बाळ्या' म्हणणारी शेवटची व्यक्ती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती आमच्याकडे राहायला आली होती. पाय वाकेना. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तिला कोमट पाण्याच्या तलावात व्यायामाला न्यावं लागे, अकरा किलोमीटर लांब. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला पाहिजे, आणि तो तीन महिन्यांच्या आत. त्यानंतर जिथे असेल तिथेच राहील. ताईचं स्वतःचं घर पहिल्या मजल्यावर आहे. तेरा पायऱ्या, लिफ्ट नाही. नव्वद म्हणजे स्वतःचं घर, आणि नव्वदच्या खाली म्हणजे कायमचा माझा पाहुणचार. आम्ही दोघं एका छपराखाली तीन महिन्यांच्या वर टिकणार नाही, याबद्दल मात्र आमचं पूर्ण एकमत होतं.

आता सरळ पाय घेऊन बसायचं तर आमच्याच गाडीत. तिची पुढची सीट जुन्या पद्धतीची, थेट मागच्या सीटला टेकेपर्यंत सरकते. हल्लीच्या गाड्या दिसायला ऐसपैस असतात, पण ताईची टाच कुठे ना कुठे अडतेच. त्यामुळे गाडी गेली की ताईचा व्यायाम गेला, इतकं सरळ गणित होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी लोकरी टोपी घालून, वही-पेन्सिल घेऊन गाडीच्या मागे उभा राहिलो. बायकोला किल्ली फिरवायला बसवलं. ताई खिडकीत खुर्ची टाकून, पाय स्टुलावर पसरून बसली होती. मी हात वर केला, बायकोने किल्ली फिरवली, गाडी दोनदा कुंथली आणि चालू झाली. नळीतून धुराचा मोठा लोट बाहेर पडला. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

"पांढरा," मी जाहीर केलं.

बायको उतरून मागे आली. "अहो, मला जरा निळसर वाटतोय."

"निळा आहे रे, बाळ्या," ताई खिडकीतून म्हणाली. "चांगला निळा आहे."

अडाण्यांशी कसं बोलावं हे मला कारखान्यात शिकवलेलं होतं: शांतपणे आणि उदाहरणं देऊन. मी दोघींना समजावलं की सकाळच्या पहिल्या उजेडात निळ्याचा अंश जास्त असतो, त्यामुळे पांढरी वस्तू कच्च्या नजरेला निळसर दिसते. म्हणूनच आम्ही दहाच्या आत कधी शेड जुळवायला घेत नसू. पक्की नजर हा उजेडाचा भाग मनातल्या मनात वजा करते. शिवाय तुमच्याकडे पांढरा म्हणजे एकच पांढरा, मी म्हणालो. माझ्याकडे सतरा आहेत. दुधी, मोतिया, कापशी, शंखासारखा, चुन्यासारखा, धुवून उडालेला, न धुता मळलेला. हा कापशी आहे, जरासा दुधीकडे झुकणारा. तसं मी वहीत लिहिलंसुद्धा.

"बरं," बायको म्हणाली, आणि आत गेली.

ओळीने तीन दिवस आम्ही हा कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आजही मला तसाच..." आणि थांबली. तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही आणि ताईने पडदा ओढून घेतला. वहीत तीन नोंदी झाल्या: कापशी, कापशी, दुधी. आपलं म्हणणं दोघींना पटलं, असं मी समजलो.

मिस्त्रीने वही वाचली. त्याला 'कापशी' कळलं नसावं, पण त्याने मान डोलावली. "वास कसा होता, मास्तर? गोडसर की जळक्या तेलासारखा?"

"थंडीत माझं नाक बंद असतं."

"पाणी कमी झालंय का?"

इंजिनाच्या पाण्याची बाटली मी बघितली होती. ती प्लॅस्टिकची आणि सव्वीस वर्षांची, मळून गढूळ झालेली, आत काय चाललंय ते तिलाच माहीत. पण पांढरा धूर म्हणजे पाणी कमी व्हायलाच हवं. "बोटभर," मी म्हणालो.

"मास्तर, इंजिन उघडायचं म्हणजे मोठं काम आहे. त्याआधी एकदा मी सकाळी येऊन..."

"रंगाचा प्रश्न मिटलाय," मी म्हणालो. "पुढचं बोल."

मग त्याने इंजिनाचं डोकं उतरवलं. त्याच्या खाली एक पातळ गॅस्केट असतं. ते फाटलं की पाणी आत शिरतं आणि पांढरा धूर येतो. चौथ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला.

"मास्तर, गॅस्केट तर चांगलं दिसतंय. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर मात्र तेलकट काजळी आहे. वर छोटी रबरी सील असतात, ती कडक झाली की तेल खाली उतरतं. आता सगळं उघडलंच आहे तर बदलून टाकू का?"

"तेलाचा काय संबंध? धूर पांढरा आहे."

"हो, पण..."

"जे बिघडलेलं नाही त्याला हात लावू नये. गॅस्केट नवं टाक. बारीक भेग असेल, दिसत नसेल तुला."

"बरं, मास्तर," तो म्हणाला.

गाडी बारा दिवस त्याच्याकडे राहिली. पहिल्या सोमवारी मी भाड्याची गाडी बोलावली. ताईला पुढे बसवायला गेलो तर पाय आत जाईना. मागे आडवं बसवायला गेलो तर दार लागेना. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता, त्याने दार उघडं ठेवून हळू चालवायची तयारी दाखवली. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, दुखत असणार. शेवटी तिने नुसता हात हलवून गाडी परत पाठवली. एकूण तीन फेऱ्या बुडाल्या. घरी पलंगावर ती व्यायाम करायची, पण पाण्यातलं काम पलंगावर होत नाही. गाडी जाण्याआधी गुडघा अठ्ठ्याहत्तर अंशांवर होता. गाडी परत आल्यावर पहिल्या गुरुवारी बाईंनी मोजला तेव्हा एकाहत्तर भरला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की गाडी दुरुस्तीला होती, मोठं काम निघालं. परतताना अकरा किलोमीटरमध्ये ताई एक शब्द बोलली नाही. ताई बोलत असते तोवर काळजीचं कारण नसतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना चालू केली. धूर होता तसाच. भरघोस, कापशी.

मिस्त्रीच्या बापाचा हात मिस्त्रीकडे आलेला नाही, असं मी त्या सकाळी मोठ्याने म्हणालो. एवढं इंजिन उघडलं आणि भेग काही सापडली नाही. बायको धुराजवळ उभी होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. मग आत गेली. संध्याकाळी ती 'जरा जाऊन येते' म्हणून बाहेर पडली, ती दीड तासाने आली. मी काही विचारलं नाही, कारण मी मिस्त्रीला काय सुनवायचं याची वाक्यं जुळवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय."

"मला? मी कुठे गेलो होतो त्यांच्याकडे?"

"मी गेले होते." तिने कप ठेवला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "त्यांना म्हटलं, माझे मिस्टर रंगातले जाणकार आहेत. त्यांना जे स्वच्छ पांढरं दिसतं ते मला निळं दिसतंय. रोज दिसतंय. डोळ्यांत काही सुरू झालं असेल तर आत्ताच बघा. त्यांनी अर्धा तास तपासलं. म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. मग विचारलं, पांढरं कोणाला दिसतं म्हणालात?"

मी चहाचा घोट घेतला.

"म्हणाल्या, त्यांना घेऊन या."

आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. "मी पंधरा दिवस डोळ्यांत थेंब घालतेय. कपाटात तुझ्या बायकोचे जुने होते. आता ते बंद करू का, विचार जरा त्या डॉक्टरला."

म्हणजे माझ्या घरात दोन धडधाकट डोळ्यांच्या बायका होत्या आणि दोघींनी आपापले डोळे आजारी धरले होते. माझ्या शब्दाचं वजन ते एवढं. हे वजन मी आयुष्यभर मोठ्या अभिमानाने मिरवलं आणि ते कोणाच्या डोक्यावर बसतंय हे एकदाही वाकून बघितलं नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मला टेबलावर रंगीत कागदाचे तुकडे मांडून दिले आणि नावं सांगायला सांगितलं. मला हसूच आलं. चौतीस वर्षांच्या शेड मास्तरला रंग विचारताय, असं मी म्हणालोही. मग मी घडाघडा नावं सांगितली. त्या लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी तीन तुकडे बाजूला काढले. एकाला मी राखाडी म्हणालो होतो, एकाला मळकट पांढरा आणि एकाला काळपट. "हे तिन्ही निळे आहेत," त्या म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. डोळ्यातलं भिंग पिवळं होत होत तपकिरी झालं होतं आणि त्यातून निळा रंग आत पोहोचतच नव्हता. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे माणसाला कळत नाही, असं त्यांनी समजावलं. अगदी मी बायकोला उजेडाबद्दल समजावलं होतं तसं, शांतपणे आणि उदाहरणं देऊन. "कामावर असताना कधी जाणवलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. पण बाहेर येऊन चपला घालताना मला आठवलं. शेवटच्या दोन वर्षांत तीन ताग्यांची कामं परत आली होती. तिन्ही निळ्याची होती. शेड जुळत नाही, अशी तक्रार होती. मी सांगितलं की खोलीतल्या ट्यूबलाइट खराब झाल्यात, आणि सगळ्या बदलायला लावल्या. इलेक्ट्रिशियनला सगळ्यांसमोर झापलंही. चोर सोडून संन्याशाला फाशी. निरोपसमारंभात हाच इलेक्ट्रिशियन माझ्या नजरेबद्दल चार चांगले शब्द बोलला होता. मला फार वाईट वाटलं, आणि लाज त्याहून जास्त वाटली. घरी येईपर्यंत मी एकही पाटी वाचायचा प्रयत्न केला नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन नजर स्थिर होईपर्यंत, म्हणजे निदान दोन महिने, गाडी चालवायची नाही. आणि ताईच्या तीन महिन्यांतले पाच आठवडे उरले होते.

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीला फोन केला आणि सकाळी साडेसहाला येशील का, असं विचारलं. तो सव्वासहालाच दारात होता. बायकोने किल्ली फिरवली, धूर निघाला, मिस्त्री उकिडवा बसला आणि त्याने हाताचा वास घेतला. मग उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"बोल की," मी म्हणालो.

"मास्तर... निळा आहे."

"किती निळा?"

"चांगलाच निळा. आणि मिनिटभरात विरतोय, म्हणजे व्हॉल्व्हची सीलच. डोकं उतरवायला नको, वरून होईल. एका दिवसाचं काम आहे." मग तो हात पुसत, मान खाली घालून म्हणाला, "मागच्या वेळी काजळी दिसली होती मला. उघडून ठेवलेलं होतं, समोर दिसत होतं. पण म्हटलं, मास्तर पांढरा म्हणतात त्या अर्थी आपलंच काहीतरी चुकतंय. माझीच चूक. मी आग्रह धरायला हवा होता."

एक वाक्य मी रात्री मनाशी तीनदा म्हणून ठेवलं होतं, तरी तोंडातून निघायला वेळ लागला. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला निळा दिसत नाही. बरीच वर्षं दिसत नसावा. तुला काजळी दिसली तेव्हा तू बरोबर होतास, आणि मी तुला गप्प बसवलं."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं, उगाचच.

ताईला सांगणं बाकी होतं. मी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. तुझे सात अंश माझ्यामुळे गेले, हेसुद्धा. ती ऐकत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण ती आता काढणार याची मी मानेवर वार झेलावा तशी वाट बघत होतो. तिने काढली नाही.

"मला राग सात अंशांचा नाही आला," ती म्हणाली. "मी निळा म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीस, त्याचा आला." मग म्हणाली, "सोमवारी कशी जाणार मी, ते सांग आधी."

"ड्रायव्हर शोधतो. शेजारच्यांना विचारतो. काहीतरी करतो."

बायको दारात उभी होती. "मी नेते," ती म्हणाली.

मी हसलो. सवयीने हसलो, आणि अर्ध्यातच माझं हसू गेलं.

बायकोकडे लायसन्स आहे. बावीस वर्षांपूर्वी ती गाडी शिकली आणि पहिल्या परीक्षेत पास झाली. त्यानंतरचा एक आठवडा ती आमची गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसत होतो. सातव्या दिवशी तिने गाडी फाटकापासून वीतभर अंतरावर थांबवली. फाटकाला धक्का लागला नाही. तरी मी म्हणालो, "तुला अंतराचा अंदाज येत नाही. डोळाच तसा आहे, त्याला इलाज नाही." रागावलो नव्हतो मी. शेड नापास करताना मी जसा बोलायचो तसा बोललो, ठाम आणि समजुतीच्या सुरात. त्यानंतर ती चालवायला बसली नाही. तिला गाडीची आवड नाही, असं मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. लायसन्स मात्र तिने दर वेळी मुदत संपायच्या आत नवं करून आणलेलं. ते पेटीत साड्यांच्या खाली असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"डॉक्टरांना मी अंतराचंही विचारलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी त्याचीही तपासणी केली. म्हणाल्या, उत्तम आहे. पहिल्यापासून उत्तम असणार."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ताईचा गुडघा अठ्ठ्याऐंशी अंशांवर थांबला. बाई म्हणाल्या, ठीक आहे, चालेल. ताई तिच्या घरी गेली. तेरा पायऱ्या ती तिरकी उभी राहून, कठडा धरून, एकेक करून चढते, आणि वर पोहोचायला तिला दुप्पट वेळ लागतो. उरलेले दोन अंश मी खाल्ले. ती तसं म्हणत नाही, मी म्हणतो. माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि मला आकाश परत मिळालं. आमच्या दिवाणखान्याच्या भिंती पिवळ्या नसून फिकट निळ्या आहेत, हेही कळलं. तो रंग मीच निवडला होता.

पण त्या पहिल्या सोमवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मिस्त्रीने सील बदलून गाडी आणून दिली होती. सकाळी मी मागे उभा राहिलो आणि बायकोने गाडी चालू केली. माझ्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नव्हता. "धूर?" मी विचारलं. "नाही," ताई म्हणाली, आणि मी त्यावर काहीही बोललो नाही. ताईला पुढे बसवलं, सीट मागे सरकवली, पाय नीट ठेवला. मी बायकोच्या मागच्या सीटवर बसलो. बावीस वर्षांनी तिच्या पाठीमागे बसताना माझ्या लक्षात आलं की ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरते, आणि तिचे खांदे वर गेले होते. ती घाबरली होती. मला वाटतं, रस्त्याला नाही.

गाडी गल्लीत मागे घ्यायची होती. तिने गिअर टाकला आणि थांबली.

"मागून काही येतंय का हो?" तिने विचारलं.

मी वळून बघितलं. गल्लीच्या टोकाला काहीतरी होतं. सायकल असेल, कचऱ्याचा डबा असेल, एखादा माणूस असेल. महिन्यापूर्वी मी त्याचं नाव, रंग आणि अंतर सांगितलं असतं, आणि ती त्या भरवशावर निघाली असती.

"मला नीट दिसत नाही," मी म्हणालो. "तूच बघ. तुला अंतराचा अंदाज चांगला आहे."

तिने हात वर करून आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला, मागे नीट बघितलं, एका सायकलवाल्याला जाऊ दिलं, आणि गाडी बाहेर काढली.